पाला वरच राहिला

देवा,

आधी तुझ्या नावाचंच घे. आश्रमशाळेत एका पत्र्याखाली झोपायचो तेव्हापासून मी देवरामचा देवा केला. आता तू नाहीस, आणि घरात बसल्या बसल्या तोंडातून ‘देवा’ निघालं की मंदा हातातलं काम टाकून बघायला येते. नवरा देवाचं नाव घ्यायला लागला म्हणजे प्रकरण हाताबाहेर गेलं, असं तिला वाटतं. ‘तुझ्या बहिणीच्या नवऱ्याला हाक मारतोय’ असं सांगितलं तर ती रडते, आणि नाही सांगितलं तर दिवा लावते. मी दोन्ही करून बघितलं.

तुला जाऊन अजून महिना व्हायचा आहे. तुझ्या शाळेनं शोकसभा घेतली. मनमिळाऊ, मितभाषी, असं बरंच काय काय बोलले. मी मागच्या बाकावर बसून विचार करत होतो, हे नक्की कोणाबद्दल चाललंय? एसटीत खिडकीवरून भांडणारा, कॅरम हरला की सोंगट्या विस्कटून टाकणारा, लग्नाच्या पंगतीत माझ्या पानातली जिलेबी उचलून ‘साडूचा काय नि माझा काय’ म्हणणारा माणूस मितभाषी कधी झाला? तुझ्याबद्दल मला जे ठाऊक आहे ते सभेत सांगण्याजोगं नव्हतं. आणि जे ठाऊक असायला हवं होतं ते मला ठाऊकच नाही, हे परवा तुझ्या सुमननं दाखवून दिलं.

सुमन आली ती थेट ओट्यावर बसली, आत येईना. पाणी दिलं ते बाजूला ठेवलं.

“दाजी, त्याचा पाला कुठं हाय?”

मला वाटलं, दुःखानं बाईच्या डोक्यावर परिणाम झाला.

“नाशिकच्या दवाखान्यात तो पाला पाला करीत व्हता,” ती म्हणाली. “नर्स बोलली, पालेभाजी मागतात का? मी बोलली, नाय ओ, भाजीला तो हात नाय लावत. मंग माना त्याचा बोलणा आठवला. तिकडना, हिमाचलातना, तुमी आले तवा तो हसत बोललेला, माझा पाला वरच राहिला. मी विचारला तं बोलला, जाईन नि आणीन. तुमी संग व्हते. कुठं ठेवला, कसा ठेवला, सगळा सांगा. पाला वर हाय तवर मी दिवस कसा करू?”

मी तहसील कचेरीतला कारकून. येणाऱ्याला ‘उद्या या’ सांगण्यात माझी हयात गेली. सुमनला ‘उद्या ये’ म्हणता येईना. गेलेल्याचा दिवस काय आपल्यात लगेच नसतो, घरात दाणे आणि पाहुणे जमतील तेव्हा करतात, त्यामुळे तिच्यापाशी वेळ आहे. पण वेळ आहे म्हणून उत्तर आहे असं थोडंच असतं.

तुझी माझी पहिली भांडणं याच पाल्यावरून झाली, आठवतं? तुझा पाडा वांगणीच्या पलीकडं, माझं घर साखरशेताकडं. आमच्याकडं खिंड लागली की माणूस एक डहाळी मोडतो, खिंडीतल्या दगडापाशी ठेवतो नि पुढं जातो. संपलं. तुमच्या पाड्यावर ते तिथं संपत नाही. जाताना ठेवलेला पाला येताना आपल्याच हातानं उचलायचा, घरी आणायचा आणि छपरात खोचायचा. तेव्हा माणूस घरी आला. नाही उचलला तर अर्धा माणूस खिंडीतच राहतो. वसतिगृहात या गोष्टीवरून आपण एकमेकांची पांघरुणं ओढायचो. तुमचे लोक भित्रे, मी म्हणायचो. तुमचे अर्धवट, तू म्हणायचास, अर्धे खिंडीत नि अर्धे घरात.

पुढं तू विज्ञानाचा मास्तर झालास. मला वाटलं, सुटलो. एकदा मोखाड्याच्या रस्त्यावर तू मोटरसायकल थांबवून डहाळी मोडायला लागलास तेव्हा मी विचारलं, अरे, पोरांना शिकवतोस काय नि करतोस काय? तू म्हणालास, “विज्ञान शाळंत. खिंडीत खिंडीचा.” 

आणि आपण हिमाचलात गेलो तेही तुझ्या विज्ञानापायीच. पुस्तकात थंड वाळवंट असा धडा होता. एका पोरीनं विचारलं, गुरुजी, वाळवंट थंड असेल तर तिथला उंट स्वेटर घालतो का? सगळा वर्ग हसला नि तू अडकलास. संध्याकाळी माझ्याकडं आलास.

“काश्या, जाऊन बघाया पाहजे.”

“मोबाईलमध्ये बघ की.”

“मोबाईलमधी थंडी लागत नाय.”

दिवाळीच्या सुट्टीत निघालो. पाड्यावरची माणसं भात झोडून बिऱ्हाडं बांधत होती. कोणी भिवंडीच्या वीटभट्टीवर, कोणी वसईला, दरवर्षीसारखी जगायला चालली होती. एसटी स्टँडवर त्यांची गाठोडी आणि आपल्या दोन नव्या कोऱ्या बॅगा शेजारी शेजारी. एका म्हातारीनं तुला विचारलं, मास्तर, तुमी पण जगाया चालले का? तू म्हणालास, नाय आजी, बघाया. ती म्हणाली, काय बघाया? तुला सांगता येईना. गाडी जव्हारच्या बाहेर पडेपर्यंत तू नवी बॅग पायाखाली सारत होतास. बहुतेक तुला लाज वाटत होती. मला तर वाटतच होती.

सुमननं काकडीच्या सावेल्या दिल्या होत्या, रानातल्या रुंद पानांत गुंडाळून उकडलेल्या. आगगाडीत त्या आपण दुसऱ्या दिवशी संपवल्या. मी पानं खिडकीतून टाकायला निघालो तर तू माझा हात धरलास. दोन पानं निवडलीस, रुमालानं पुसलीस आणि वहीसारखी सपाट करून शर्टाच्या खिशात ठेवलीस. “तिकडं झाड असंल नसंल,” म्हणालास. मी कपाळाला हात लावला. समोरच्या बाकावरचा सरदारजी बराच वेळ तुझ्या खिशाकडं बघत होता.

मनालीला गाडीवाला नोरबू भेटला, त्याच्या त्या दणकट पण दार न लागणाऱ्या गाडीसकट. पुढचा लांबलचक बोगदा ओलांडला आणि पलीकडं रस्ता असा काही नव्हताच. नदीच्या पात्रातले गोटे जरा बाजूला सारून वाट केलेली. ओढे रस्त्यावरून वाहत होते, गाडी त्यातून जायची. माझं डोकं छपराला आपटायचं आणि तू मागून म्हणायचास, आपल्या वावर-वांगणीचा रस्ता बरा. थोड्या वेळानं पुन्हा, वावरचा रस्ता खरंच बरा. नोरबूनं विचारलं, “वावर किधर है भाईसाब?” तू म्हणालास, “हमारे उधर. आओ कभी, तुम्हारे को एकदम घर के जैसा लगेंगा.”

पुढं पुढं गवतही संपलं. देवा, मी काही डोंगर बघितलेच नाहीत असा माणूस नाही, आपण डोंगरातच वाढलो. पण ते डोंगर मला कळेनात. झाड नाही, झुडूप नाही, पाखरू नाही, नुसती माती आणि दगड, वर निळं आभाळ आणि अंगावर ऊन पडत असताना हात गारठलेले. आपण लांबी झाडांवरून मोजतो, त्या सागापर्यंत, त्या मोहापर्यंत. तिथं डोळ्याला धरायला काहीच नव्हतं. तू समोरचं एक घर दाखवून म्हणालास, ‘ह्या काय, हाकेवर तं हाय,’ आणि तिथं पोचायला आपल्याला जेवणवेळ झाली. तुझं एकच चाललेलं, हे लोक राब कशाचा भाजत असतील? पेरणीआधी जमीन भाजायची तर पाला पाहिजे, फांद्या पाहिजेत. नोरबूला तू हातवारे करून राब समजावलास. त्याला वाटलं, तुला शेकोटी पाहिजे. त्यानं गाडी थांबवली नि स्टोव्ह काढला.

आता खिंड. सुमननं जे विचारलं ते इथलं आहे, म्हणून मी हे पुन्हा पुन्हा आठवतो, आणि दरवेळी जरा वेगळंच आठवतं.

कुंझुमच्या खिंडीत पोचलो तेव्हा वारा इतका होता की गाडीचं एरवी न लागणारं दारही उघडेना. वर देवीचं छोटं देऊळ, रंगीत पताकांच्या माळा फडफडत होत्या, आणि जागोजागी दगडांवर दगड रचलेले. ते दगड बघून तुला जो आनंद झाला तो मी तुझ्या लग्नातही तुझ्या तोंडावर बघितला नव्हता. “बघ काश्या, हे पण ठेवतात! आपल्यासारखाच!” नोरबूनं गाडीसकट देवळाला प्रदक्षिणा घातली, ती तिथली पद्धत. मग तू उतरलास, खिशातून दोन्ही पानं काढलीस, खाली बसून एका चपट्या दगडाखाली ठेवलीस. मी म्हणालो, माझं नको, मला काही लागत नाही. तू म्हणालास, “गप.”

माझं डोकं तोवर उंचीनं फुटायला आलं होतं. मी गाडीत येऊन बसलो. तू नोरबूशी काहीतरी बोललास. मग पुन्हा त्या दगडांकडं गेलास आणि दिसेनासा झालास. मी घाबरून ‘देवा! देवा!’ करून ओरडलो, तर नोरबूनं हात जोडले, त्याला वाटलं मी प्रार्थना करतोय. तू आलास तेव्हा मी विचारलं, कुठं गेला होतास? तू म्हणालास, पाणी सोडाया. मी सोडून दिलं. माणूस लघवीसारख्या साध्या गोष्टीची उलटतपासणी करतो का?

त्या रात्री खिंडीपलीकडच्या लोसर गावी नोरबूच्या घरी चुलीभोवती बसलो असताना तू तुझ्या बहिणीचं बोललास. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. मला एवढंच ठाऊक होतं की वावर-वांगणीकडं पोरं दगावली त्या साली तुझी धाकटी गेली, आणि त्यानंतर तू वसतिगृहात परत आलास तेव्हा बरेच दिवस कोणाशी भांडला नाहीस. आम्ही पोरांनी तुला तेव्हा काही विचारलं नाही. नोरबूची नात गालफडं फुगवून भाकरी खात होती, तू तिच्याकडं बघत होतास.

“आई त्या साली जगाया गेलेली, धाकटीला घेऊन,” तू म्हणालास. “जाताना पाला ठेवला. येताना ठेकेदारानं ट्रकात घातली नि दुसऱ्याच रस्त्यानं आणून सोडली. पाला ऱ्हायला खिंडीत. धाकटी त्याच पावसात गेली.”

मी म्हणालो, “देवा, ती पाल्यानं नाही गेली.”

“माना ठाऊक हाय ती कशाना गेली. पोटात काय नव्हता, म्हणून गेली. मी शिकवतो पोरांना, चांगला ठाऊक हाय.” मग चुलीकडं हात धरून म्हणालास, “तरी.”

तो ‘तरी’ अजून माझ्या कानात आहे. त्याच्यापुढचं वाक्य तू पुरं केलं नाहीस, आणि मी करायला लावलं नाही. चहा खारट होता, तो आपण दोघांनी संपवला.

मग पुढच्या मुक्कामी, काझाला, आपली जुंपली. मी नोरबूशी ठरवल्याप्रमाणं आपण पुढं किन्नौरवरून शिमल्याला उतरणार होतो, गोल फिरून. तू अडून बसलास, आलो त्याच वाटेनं जायचं. नोरबू म्हणाला, बर्फाचा अंदाज आहे, खिंड कधीही बंद होईल, अडकलात तर उन्हाळा उजाडेल. तू म्हणालास, उजाडू दे. मी म्हणालो, तुझी शाळा उघडतेय, माझी रजा संपतेय, सुमन माझी मान पिरगाळेल, आणि हे सगळं एका सावेलीच्या पानासाठी? तू म्हणालास, तुला नाय कळायचा, तू साखरशेतचा. मी म्हणालो, बरं झालं मी साखरशेतचा, अक्कल तरी आहे. त्यावर तू गाडीत मागं जाऊन बसलास.  संध्याकाळी वाटेतल्या नाको गावी सफरचंद चिरता चिरता मी म्हणालो, पुढच्या वर्षी येऊ की रे, खिंड काय पळून जाते? तू फोड घेतलीस पण हो म्हणाला नाहीस. दोन दिवसांनी कळलं, वर खरंच बर्फ पडला नि खिंड बंद झाली. म्हणजे मी बरोबर होतो. मी बरोबर होतो, हे मी तुला जव्हार येईपर्यंत किमान चार वेळा ऐकवलं. आता वाटतं, बरोबर असण्याचं एवढं काय घेऊन बसलो होतो.

जव्हारला उतरलो तर तू आधी माझ्या घरी आलास. मला वाटलं मंदाच्या हातचा चहा पाहिजे असेल. तू ओट्यावर चढलास आणि दाराच्या वरच्या कौलाशी खुडबूड करायला लागलास. मी ओरडलो, काय चाललंय? तू म्हणालास, “कौल सरकलाय तुझा. पावसात गळंल.” मी म्हणालो, दिवाळी झाली, पावसाला अजून अवकाश आहे, साडूभाऊ, घरी जा, सुमन वाट बघतेय. तू हसलास, हात झटकलेस नि गेलास. चहासुद्धा घेतला नाहीस. तेव्हा मला यात काहीच विशेष वाटलं नाही. तू आयुष्यभर लोकांची कौलं, बिजागऱ्या नि सायकलीच्या चेनी न सांगता दुरुस्त करत आलास.

उन्हाळ्यात खिंड उघडली तेव्हा तूच म्हणालास, यंदा नको, आधी घरावर पत्रे टाकतो. मग पावसाळा आला, शाळा आली. आणि मग या थंडीत वर्गात फळ्यावर लिहिता लिहिता तुझ्या छातीत कळ आली. गाडी तुला घेऊन मोखाड्यावरून त्र्यंबकच्या घाटाकडं गेली. त्या घाटात आपली खिंड आहे. तिथं कोणी थांबलं नाही, थांबणार तरी कसं. मी मागच्या गाडीत होतो. मला ती डहाळी आठवलीसुद्धा नाही, आणि आठवली असती तर मी उतरलो असतो का, हेही मला सांगता येत नाही.

सुमनला मी खरं तेवढं सांगितलं, चपट्या दगडाखाली, देवळाच्या अंगाला, दोन पानं. ती म्हणाली, “दोन? मंग तुमचा पण वरच हाय.” मी म्हणालो, असेल. ती माझ्याकडं अशी बघायला लागली की मला माझं अंग चाचपून बघावंसं वाटलं. साखरशेतचा असूनही.

त्या संध्याकाळी मी नोरबूला फोन लावला. तू गेल्याचं सांगितलं. त्यानं गाडी बाजूला घेतल्याचा आवाज आला. मग मी विचारलं, खिंडीत आमच्या साडूनं दोन पानं ठेवली होती, तुम्हाला आठवतं का?

“दो नहीं, भाईसाब, एक,” तो म्हणाला. “रखे तो दो थे। फिर मेरे को पूछा, वापस इधर से ही आयेंगे ना? मैं बोला, नहीं, शिमला साइड से निकलेंगे। तो वापस गये, एक पत्ता उठा के लाये, जेब में डाला। मैं पूछा, ये क्या? बोले, ये हमारे साढू का है, इसका इधर छोड़ना ठीक नहीं। मैं बोला, फिर अपना भी उठा लो। तो हँसने लगे।”

“और? क्या बोले?”

“बोले, एक तो रहने दो। नहीं तो वापस कायको आयेगा?”

मी विचारलं, पान असेल का अजून? तो म्हणाला, “पत्ते का क्या भरोसा, हवा आप ने देखी है। पत्थर होगा। वहाँ का पत्थर कोई नहीं उठाता।”

फोन ठेवला आणि मला काही सुधरेना. देवा, हे काय गणित आहे? तुला पाला राहण्याची भीती होती, म्हणून माझा उचललास. बरं. मग स्वतःचा का ठेवलास? परत यायला बहाणा हवा म्हणून ठेवलास, तर काझाला दुसऱ्याच दिवशी परत जायला का अडून बसलास? रात्री लोसरला धाकटीचं बोललास म्हणून घाबरलास का? की तुला नुसता तो डोंगर आवडला होता, आणि आवडला म्हणायला लाज वाटत होती, पाड्यावरचे लोक जगायला गेलेले असताना? मी एक उत्तर धरतो नि दुसरं निसटतं. कचेरीत एकाच जमिनीवर दोघांची नावं लागली की आम्ही प्रकरण वर पाठवतो. हे मी कुठं पाठवू?

आणि मग मला कौल आठवलं.

सकाळी सुमनला बोलावून घेतलं. तिच्यादेखत स्टुलावर चढलो, दारावरचं कौल सरकवलं. धूळ पडली, उंदराच्या लेंड्या पडल्या, कोळ्याचं जाळं हाताला लागलं. त्यात एक तपकिरी पान होतं, कडा झडलेल्या, नुसत्या शिरा उरलेल्या. खरं सांगू? मला अजून खात्री नाही. उंदरंही पानं ओढून नेतात, आणि आमच्याकडं उंदरांना काही तोटा नाही. मी ते हातावर घेऊन खाली उतरलो, म्हणालो, सुमन, हे त्याचं की उंदराचं, मला कळत नाही.

सुमननं ते हातात घेतलं नाही. नुसतं वाकून बघितलं. मध्ये दोन आडव्या घड्या होत्या, सावेली गुंडाळताना पडतात तशा. ती कितीतरी वेळ त्या घड्यांकडं बघत राहिली. तू गेल्यापासून ती रडली नव्हती, त्या वेळी रडली. मंदानं तिला धरलं. मी हातावर पान घेऊन मध्येच उभा. ठेवावं कुठं, कळेना.

“ते जिथं व्हता तिथं ठेवा, दाजी,” ती डोळे पुसून म्हणाली. “तुमी घरी आले ते त्याच्यामुळं.”

मी पुन्हा स्टुलावर चढलो. पान जागच्या जागी खोचलं आणि कौल नीट बसवलं. ते कौल सरकलेलं नव्हतंच, देवा. बघ, खोटं बोलतानाही तुला दुरुस्तीशिवाय दुसरं काही सुचलं नाही.

उतरलो तर सुमन पायात चपला घालत होती. मी म्हणालो, सुमन, वर खिंड आता बर्फाखाली आहे. उघडायला उन्हाळा संपत येईल. नोरबू म्हणतो, पान राहिलं असेल असं नाही. आणि लांब आहे, थंडी आहे, डोकं फुटतं. मी हे सगळं का सांगत होतो मला माहीत नाही, कदाचित तिनं ‘राहू द्या’ म्हणावं म्हणून, कदाचित म्हणू नये म्हणून.

ती म्हणाली, “मी पण यीन. पान नसंल तं दगडाखालची माती घीन. नि जाऊ त्याच वाटंनं परत येऊ, गोल नाय फिरायचा.”

“आणि दिवस?”

“दिवस मंग करू. माणूस घरी आल्यावर. आधी कसा करायचा?”

तिनं हे इतक्या साधेपणानं सांगितलं की मी हो म्हणून गेलो. मी, ज्यानं वसतिगृहापासून तुझ्याशी या पाल्यावरून वाद घातला. माझा विश्वास बसला असं समजू नकोस. बसला नाही, असंही मला आता छातीठोक म्हणता येत नाही. तू असतास तर या माझ्या घोटाळ्यावर पोट धरून हसला असतास, नि वर म्हणाला असतास, साखरशेतचा सुधारला.

नोरबूला कळवलंय. रजेचा अर्ज देईन, साहेब कारण विचारतील, तेव्हा काय लिहायचं ते बघू. सुमन सावेल्या करणार नाही म्हणते, त्या दिवसांत काकड्या नसतात, पण काहीतरी पानातलंच करून घेईल. जाताना आपल्या घाटातल्या खिंडीत मी गाडी थांबवीन आणि डहाळी मोडीन. येताना उचलीन.

तोवर एवढंच सांग. तिथं वारा फार आहे. दगड नीट ठेवला होतास ना?